हिरडा आणि हिरडी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरपर्यंतच्या डोंगरांत, हिरड्याची झाडे विपुल आहेत. तेथील महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा गोळा करतात, अंगणात वाळवतात आणि पोती भरून पूर्वेकडच्या बाजारात आणतात. जुन्नर-घोडेगावच्या पेठांना हा माल नवा नाही. या भागातील पुष्कळ जुन्या घरांत दंतमंजनही त्याचेच असे: हिरडा, बेहडा, आवळकाठी, थोडे सैंधव, दोन-चार लवंगा, खलात कुटून, वस्त्रगाळ करून डबीत भरलेले.

मराठीत हिरडा आणि हिरडी हे शब्द इतके शेजारी आहेत की हिरड्याने हिरड्यांचे रक्षण होते, असे म्हणताना कोणाला शंकाही येत नाही. ते अर्धे खरे आहे. हिरड्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य भरपूर असते. ते मांसातील प्रथिनांना आवळते. याच गुणामुळे हिरडा कापडाच्या रंगकामात आणि कातडी कमावण्यात वापरला गेला. सुजलेल्या हिरडीवर हे मंजन चोळले की वरचा पदर आक्रसतो, बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात आणि रक्त थांबते. प्रश्न त्यापुढचा आहे. रक्त थांबले म्हणजे रोग थांबला काय?

मंचरच्या किंवा नारायणगावच्या पेठेतील एखाद्या घरात पुढील प्रसंग सहज घडतो. चाळिशीतील गृहस्थ सकाळी दात घासतात आणि चूळ टाकताना पाणी गुलाबी दिसते. घरातील वडीलधारी सांगतात, ‘ब्रश कडक आहे, हिरड्या सोलल्या जातात, काही दिवस बंद ठेवा.’ ब्रश बंद होतो, बोटाने मंजन सुरू होते. आठवड्यात रक्त दिसेनासे होते आणि विषय मिटतो. पुढे टोमॅटोचा हंगाम येतो, मग कांद्याचा. दिवाळीचे वहीपूजन होते, लग्नसराई येते. अशी दहा वर्षे निघून जातात. मग एके दिवशी पोळीचा घास चावताना खालचा पुढचा दात हलल्यासारखा वाटतो. दुखत मात्र काहीच नाही. दंतवैद्याकडे गेल्यावर कळते की एक दात नव्हे, सहा-सात दातांखालचे हाड निम्मे झिजले आहे. त्या दहा वर्षांत तोंडात काय चालले होते, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

हिरडी दाताला सर्वत्र चिकटलेली नसते. दाताच्या मानेभोवती तिची मोकळी कड असते आणि दात व ती कड यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोल अशी अरुंद फट असते. निरोगी माणसालाही ती असतेच. रोगाचा जन्म येथे होतो.

दात स्वच्छ घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक पातळ, अदृश्य पापुद्रा त्यावर बसतो. काही तासांत त्या पापुद्र्यावर जंतू चिकटू लागतात. ते एकटे-दुकटे राहत नाहीत. स्वतःभोवती चिकट द्रव्य निर्माण करून त्यात वसाहत करतात. दात न घासता सकाळी जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तीच ही वसाहत. नुसती चूळ भरून ती निघत नाही. अनेक जैन घरांत जेवणानंतर ताट धुऊन पिण्याची रीत आहे. उष्टे तसेच राहिले तर त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, ही त्यामागची दृष्टी. परंतु ताटाला लागलेले तूप नुसत्या पाण्याने जात नाही, बोट फिरवावे लागते, हे रोज ताट धुणाऱ्याला ठाऊक असते. दातांवरील थराचेही तसेच आहे. तो घासूनच निघतो.

हे जंतू प्रथम पाहणारा माणूस वैद्य नव्हता, कापडाचा व्यापारी होता. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्याच दातांमधील पांढरा लगदा स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव त्याला दिसले. ते त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. तो दात नियमित स्वच्छ करणारा माणूस होता, तरीही हे आढळले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या थराचा आणि हिरड्यांच्या सुजेचा संबंध निःसंशय सिद्ध व्हायला मात्र जवळजवळ तीनशे वर्षे लागली. डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हाराल्ड ल्यो या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत त्या सर्वांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सर्वांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दोन गोष्टी निघतात. ब्रशमुळे रक्त येत नाही, ब्रश न फिरल्यामुळे येते. आणि या पहिल्या पायरीवर रोग पूर्णपणे परतवता येतो, औषधाशिवाय, खर्चाशिवाय. वरच्या प्रसंगातील गृहस्थ नेमके येथे चुकले. ज्या जागी अधिक स्वच्छता हवी होती, तेथील स्वच्छता त्यांनी थांबवली आणि तुरट मंजनाने धोक्याची खूण झाकली.

थर जागेवर राहिला की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरू लागतात आणि तो दगडासारखा घट्ट होतो. यालाच किटण म्हणतात. ते सर्वांत आधी दोन ठिकाणी दिसते: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडे तेथेच उघडतात. किटण स्वतः फारसे विषारी नसते, पण ते खडबडीत असते. त्यावर नवा थर सहज धरतो आणि एकदा ते बसले की ब्रश, मंजन, मीठ, कोळसा यांपैकी कशानेही हटत नाही.

आता रोग आत सरकतो. सुजेमुळे हिरडीची कड दातापासून सुटते आणि फट चार, पाच, सहा मिलिमीटर खोल होते. इतक्या खोल ब्रशचा केस पोहोचत नाही. तेथे हवाही पोहोचत नाही, त्यामुळे वर राहणाऱ्या साध्या जंतूंची जागा हवेविना जगणारे, अधिक उपद्रवी जंतू घेतात. मुखदुर्गंधी येते ती मुख्यतः यांच्यापासून आणि जिभेच्या मागच्या भागावरील थरापासून. शरीर त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवते, पण ही लढाई महिनोन्महिने संपत नाही आणि तिचा मारा स्वतःच्याच घरावर होऊ लागतो. दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटतात, हाड विरघळते. दात पाडणारी ही झीज जंतूंपेक्षा शरीराच्या या लांबलेल्या प्रतिकारानेच अधिक होते. पायोरिया हा शब्द घराघरांत ज्या अवस्थेसाठी वापरला जातो, ती ही अवस्था. गेलेले हाड सहसा परत येत नाही. उपचाराने झीज तेथेच रोखता येते.

रोग तोंडभर पसरतो तोही एका ठराविक रीतीने. दोन दाढांच्या मधली जागा ही त्याची आवडती वाट, कारण तेथे ब्रश पोहोचत नाही आणि अन्न अडकते. एका दाढेच्या बाजूची फट खोल झाली की शेजारच्या दाढेची समोरची बाजूही लवकरच धरली जाते. दाढेला दोन किंवा तीन मुळे असतात. झीज त्यांच्या फाट्यापर्यंत पोहोचली की तो कोपरा स्वच्छ करणे दंतवैद्यालाही अवघड जाते. याशिवाय जीभ, टॉन्सिल आणि लाळ ही जंतूंची कोठारे असतात. म्हणून केवळ दुखऱ्या दाताचा इलाज करून भागत नाही. लाळेवाटे हे जंतू एका घरातील माणसांतही जाऊ शकतात, परंतु जंतू आला म्हणजे रोग झालाच असे नाही.

तसे का नाही, याचे उत्तर श्रीलंकेतील चहामळ्यांच्या एका दीर्घ अभ्यासात मिळाले. दात कधीच न घासणाऱ्या ४८० मजुरांना १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. किटण आणि सूज जवळजवळ सर्वांना होती. तरीही ११ टक्के लोकांमध्ये रोग सुजेच्या पुढे गेला नाही. ८१ टक्के लोकांचे हाड मध्यम गतीने झिजत गेले. आणि ८ टक्के लोकांमध्ये तो इतक्या वेगाने वाढला की पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सारे दात गेले. अस्वच्छता सारखीच, परिणाम निराळे. प्रत्येक कुटुंबात असे एखादे आजोबा निघतात ज्यांनी जन्मभर राखुंडीने दात घासले आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खाल्ला. ते त्या अकरा टक्क्यांतील असतील. त्यांच्याच नातवाने त्यांचे उदाहरण देणे धोक्याचे, कारण तो आठ टक्क्यांत आहे की नाही हे आधी कळत नाही. ज्यांच्या आई-वडिलांचे दात चाळिशी-पन्नाशीत हलून पडले, त्यांनी अधिक सावध राहावे, एवढे निश्चित सांगता येते.

काही गोष्टी मात्र कोणत्याही माणसाला वाईट गटाकडे ढकलतात. तंबाखू ही त्यांतील पहिली. पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची सवय, विशेषतः स्त्रियांत, फार जुनी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत एक लाखाहून अधिक माणसांची तोंडे तपासली आणि त्याचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. तो अभ्यास मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाचा होता, पण त्याने तंबाखूच्या अशा सवयी नोंदवून ठेवल्या. जैन घरांत मशेरी सहसा नसते. परंतु दुकानाच्या गादीवर सुपारी, सुगंधी मसाला आणि चोरून गुटखा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय सर्वत्र गेलेली नाही. सिगारेट-बिडीचा एक कावेबाज गुण असा की ती हिरडीतील रक्तप्रवाह कमी करते, म्हणून ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. आत हाड झिजत असते आणि बाहेर सर्व आलबेल दिसते.

दुसरी गोष्ट मधुमेह. बैठा व्यवसाय, वेळी-अवेळी चहा-फरसाण आणि वाढते वय यांमुळे व्यापारी घरांत तो पाहुणा राहिलेला नाही. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा रोग बळावतो. आणि हिरड्यांत सतत सूज असली की साखर आटोक्यात येणे कठीण होते. हिरड्यांवर योग्य उपचार झाल्यास तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीत अर्ध्या टक्क्याच्या आत, पण मोजता येईल इतकी सुधारणा दिसते. मधुमेही माणसाने पायांइतकीच काळजी हिरड्यांची घ्यावी. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. त्या काळात दात साफ करून घेऊ नयेत ही समजूत निराधार आहे.

चातुर्मासात एक वेगळा प्रश्न उभा राहतो. दंतधावन न करणे हा दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक आहे. दशवैकालिक सूत्रातही साधूने टाळावयाच्या गोष्टींत त्याची गणना आहे. ते श्रमणाचे व्रत आहे, त्याच्या समग्र त्यागाचा भाग आहे. श्रावकावर रोजच्या जीवनात ते बंधन नाही. परंतु उपवासाच्या आणि पौषधाच्या दिवशी पुष्कळ श्रावक-श्राविका दात घासत नाहीत. एका उपवासाने काहीच बिघडत नाही. अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या असली की आऱ्हुसच्या प्रयोगातील दहा दिवस जवळ येतात. शिवाय चावणे बंद असल्याने लाळ कमी सुटते, तोंड कोरडे पडते, जिभेवर थर धरतो. पारण्यानंतर हिरड्या सुजल्या, रक्त आले, तर तपाला दोष देऊ नये. आधीपासून किटण असलेल्या तोंडातच हा त्रास विशेष होतो. म्हणून मोठे तप धारण करणाऱ्याने पर्युषणाच्या पंधरा-वीस दिवस आधी दातांचे किटण काढून घ्यावे आणि पारण्याच्या दिवसापासून मऊ ब्रशने नियमित स्वच्छता पुन्हा सुरू करावी. तपाच्या काळात कोरड्या ब्रशने दात पुसणे आपल्या पच्चक्खाणात बसते की नाही, हे गुरुमहाराजांनाच विचारलेले बरे.

चौविहार पाळणाऱ्यांना मात्र एक फायदा आपोआप मिळतो, जर त्यांनी तो घेतला तर. सूर्यास्तानंतर अन्न-पाणी नाही, म्हणजे रात्रभर तोंडात नवे अन्न जात नाही. संध्याकाळचे जेवण आणि चौविहाराचे पच्चक्खाण यांच्यामध्ये दोन-तीन मिनिटे काढून दात नीट घासले, तर नवकारशीपर्यंतचे बारा-तेरा तास हिरड्यांना विश्रांती मिळते. बहुतेक ठिकाणी घडते ते उलटे. दुकानातून धावतपळत येऊन सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी जेवण, घाईची एक चूळ आणि पच्चक्खाण. मग अन्नाचे कण आणि जंतूंचा थर रात्रभर तसेच राहतात. झोपेत लाळ कमी असते, त्यामुळे त्यांना पूर्ण मोकळीक मिळते.

टूथपेस्टमध्ये प्राणिज घटक असतील, या शंकेने काही घरांत ब्रशच टाळला जातो. पुष्कळ पेस्टच्या वेष्टनावर हिरवा ठिपका छापलेला असतो, तो पाहून घ्यावा. आजच्या ब्रशचे केस नायलॉनचे असतात. किडीपासून बचावासाठी फ्लोराइडयुक्त पेस्ट उपयोगी आहे हे खरे, पण हिरड्यांच्या दृष्टीने पेस्ट दुय्यम आहे. नुसता ओला मऊ ब्रश, हिरडीच्या कडेवर तिरपा धरून, हलक्या हाताने फिरवला तरी थर निघतो. दातांमधल्या जागेसाठी दोरा किंवा बारीक ब्रश लागतो. सुई, सेफ्टी पिन आणि आगपेटीची काडी यांनी ते काम होत नाही, इजा मात्र होते.

किटण एकदा बसले की दंतवैद्याला पर्याय नाही. येथे एक भीती आड येते: दात साफ करून घेतले की ते हलतात. असे वाटण्याचे कारण आहे. झिजलेल्या हाडाची जागा किटणाच्या दगडाने भरलेली असते आणि त्याच्या आधाराने दात घट्ट भासतात. दगड निघाला की खरी स्थिती उघड होते. दातांत फटी दिसतात, थंड पाणी झोंबते. साफसफाईने दात हलवलेला नसतो. सूज उतरल्यावर तोच दात पुष्कळदा पूर्वीपेक्षा घट्ट होतो.

या बाबतीत सुश्रुतसंहितेतील क्रम पाहण्यासारखा आहे. सुश्रुतांनी दंतमुळांचे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतील शीताद आणि दंतवेष्ट यांची रक्त, दुर्गंधी, पू आणि हलणारे दात ही लक्षणे आजच्या वर्णनाशी सहज जुळतात. किटणाला तेथे दंतशर्करा म्हटले आहे आणि ती काढण्यासाठी दंतशंकू नावाचे उपकरण आहे. शर्करा काढताना दंतमुळांना इजा होऊ नये, असा स्पष्ट निर्देश आहे आणि ‘इजा न करता’ यासाठी योजलेला शब्द ‘अहिंसन्’ असा आहे. चूर्ण लावायचे ते शर्करा काढल्यानंतर. त्रिफळ्याच्या काढ्याने गुळण्या करण्यास शीतादात सांगितले आहे, तेही दूषित रक्त काढून टाकल्यावर. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने घरोघरी केवळ मंजनावर भिस्त ठेवली जाते, तिने मंजनाला दुसरे स्थान दिले होते. मधल्या काळात पहिली पायरी गळली आणि दुसरी तेवढी राहिली. आहुप्याच्या हिरड्याचा यात काही दोष नाही.

मंचर, नारायणगाव, आळेफाटा येथे आता दंतवैद्य सहज भेटतात. पुणे-नाशिक रस्त्यावरील कोणालाही यासाठी पुण्याला जाण्याचे कारण उरलेले नाही. पहिल्या भेटीत केवळ साफसफाई करून परत येऊ नये, हिरड्यांची खोली मोजून द्यावी असे सांगावे. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच फिरवून आकडे लिहिले जातात. अठ्ठावीस दात असतील तर एकशे अडुसष्ट आकडे. तीनपर्यंतचा आकडा बहुधा ठीक, चार म्हणजे लक्ष ठेवावे, पाच-सहा असेल तर मुळांपर्यंतची खोल स्वच्छता आणि एक्स-रे. तो कागद घरी आणून वह्यांच्या कपाटात ठेवावा. सहा ते आठ आठवड्यांनी तेच आकडे पुन्हा मोजतात आणि कोणत्या दाताभोवती ते उतरले, कोणत्या दाताभोवती चढले, हे त्याच कागदावर शेजारी लिहून घेता येते.